चूक कुणाच्या बाजूला झुकते

१४ ऑक्टोबर १९४०ची रात्र. आठ वाजून गेले होते. दक्षिण लंडनमधल्या बॅलम हाय रोडवर एक जर्मन बॉम्ब पडला, रस्ता भेदून आत शिरला आणि खालच्या ट्यूब स्टेशनच्या माथ्यावर फुटला. हवाई हल्ल्यांपासून वाचायला लंडनकर तेव्हा रात्र रात्र ट्यूबमध्येच काढत. बॅलमच्या फलाटांवरही त्या रात्री शेकडो माणसं अंथरुणं पसरून बसली होती. वर पाण्याचे आणि सांडपाण्याचे मोठे नळ फुटले आणि पाणी, वाळू, खडी, चिखल असं सगळं एकदम बोगद्यात उतरलं. दिवे गेले. ६०हून अधिक माणसं मेली. रस्त्याला पडलेल्या खड्ड्यात, ब्लॅकआउटच्या अंधारात काही न दिसून, ८८ नंबरची डबल डेकर बस नाकावर कोसळली. तिचा फोटो प्रसिद्ध आहे. लंडनवरच्या त्या बॉम्बवर्षावाची चित्रं ज्यांनी चाळली आहेत त्यांनी तो पाहिलेला असतो. म्हणजे ही तारीख धूसर नाही. कुणीही, केव्हाही तपासावी अशी आहे.

इयन मॅक्यूअनच्या 'अटोन्मेंट' या २००१च्या कादंबरीत सिसिलिया टॅलिस याच बॉम्बनं मरते. पण सप्टेंबरमध्ये.

महिन्याचा फरक. कादंबरीत एवढं चालायचंच, असं म्हणून पान उलटता आलं असतं. ही कादंबरी ते करू देत नाही, कारण तपशिलाबद्दलची तळमळ हाच तिचा एक विषय आहे. १९३५च्या उन्हाळ्यात तेरा वर्षांची ब्रायनी खोटी साक्ष देते, बहिणीचा, म्हणजे सिसिलियाचा, प्रियकर रॉबी तुरुंगात जातो आणि तिथून फ्रान्सच्या आघाडीवर. डंकर्कची ती माघार, इस्पितळातल्या जखमी सैनिकांच्या पट्ट्या, जखमांचा वास, आणि मग ब्रायनीनं त्या दोघांना भेटून मागितलेली माफी, हे सगळं आपण वाचतो. त्यानंतर येतो लंडन, १९९९ असा मथळा. सत्त्याहत्तर वर्षांची ब्रायनी सांगते की आत्तापर्यंत वाचलंत ती माझीच कादंबरी होती. ती लिहायला ती इम्पीरियल वॉर म्युझियमच्या दप्तरखान्यात बसली आहे. एका म्हाताऱ्या कर्नलनं तिच्या मजकुरातल्या सैनिकी तपशिलांच्या चुका काढून दिल्या आहेत आणि तिनं त्या कृतज्ञतेनं सुधारल्या आहेत. आणि मग एका वाक्यात ती खरं काय ते सांगते. रॉबी १ जून १९४०ला ब्रे ड्यून्सच्या किनाऱ्यावर जखम चिघळून मेला. सिसिलिया त्याच वर्षी सप्टेंबरात बॅलमच्या बॉम्बनं. ती भेट झालीच नाही. माफीही नाही.

साऱ्या पुस्तकात जे एकच वाक्य शपथेवर सांगितल्यासारखं आहे, त्याच वाक्यातली तारीख चुकलेली आहे. ही मॅक्यूअनची नजरचूक असेल. ब्रायनीला नुकतंच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे, म्हणजे ही तिच्या आटत चाललेल्या मेंदूची चूक असेल. किंवा साठ वर्षं गोष्ट रचत आलेल्या बाईला शेवटच्या कबुलीतही रचल्यावाचून राहवलं नसेल. कादंबरी याचा निकाल देत नाही. २००७च्या चित्रपटानं महिना सुधारला, पण म्हातारी ब्रायनी तिथे १५ ऑक्टोबर म्हणते. कसंही धरलं तरी वाचकाला पुस्तक खाली ठेवून बॅलमच्या नोंदीकडे जावं लागतं. गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या इंग्रजी कादंबरीनं इतिहासाशी जो खेळ मांडला, त्यातलं सगळ्यात मोलाचं मला हेच वाटतं. या कादंबऱ्या इतिहास खोटा ठरवतात, असा त्यांच्यावर जुना आरोप आहे. त्यातल्या चांगल्या कादंबऱ्या मात्र वाचकाला दप्तराच्या दारात नेऊन सोडतात.

या खेळाला शास्त्राचा आधारही मिळाला. हेडन व्हाइटनं १९७३मध्ये 'मेटाहिस्टरी'त दाखवलं की एकोणिसाव्या शतकातले थोर इतिहासकारसुद्धा त्याच घटना शोकांतिकेच्या, सुखांतिकेच्या, अद्भुतकथेच्या किंवा उपहासाच्या साच्यात बसवत होते. घटना दप्तरातली, साचा त्यांचा. १९८०च्या दशकात लिंडा हचननं अशा कादंबऱ्यांना 'हिस्टॉरिओग्राफिक मेटाफिक्शन' हे अवजड नाव दिलं: इतिहास सांगता सांगता तो कसा सांगितला जातोय हेही उघडं करणारी कादंबरी. विद्यापीठांत हे नाव पाठ करून घेतात आणि मग प्रत्येक कादंबरी त्याचं उदाहरण होऊन बसते. त्यामुळे एक प्रश्न राहूनच जातो. सांगणारा चुकतो, हे कळलं. पण तो कुठल्या बाजूला चुकतो?

सलमान रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रेन'मधला (१९८१) निवेदक सलीम सिनाई या बाबतीत खाण आहे. गांधीजींच्या हत्येचा प्रसंग तो कथेत भलत्याच वेळी घालतो. पुढे त्याच्याच ते लक्षात येतं, आणि तो सांगतो की आता दुरुस्ती होणे नाही, माझ्या भारतात गांधीजी चुकीच्या वेळीच मरत राहणार. वाल्मीकी गणपतीला रामायण सांगतोय असं एक वाक्य त्याच्या तोंडी आहे; गणपती लेखनिक झाला तो व्यासांचा, महाभारतासाठी, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. १९४६ सालीच आकाशवाणीवर लता मंगेशकरांचा आवाज. ढाक्याला पाकिस्तानी सैन्याची शरणागती स्वीकारणारे माणेकशा. प्रत्यक्षात १६ डिसेंबर १९७१ला ती स्वीकारली जगजितसिंग अरोरांनी. दोन वर्षांनी 'एराटा' या निबंधात रश्दींनी ही यादी स्वतःच दिली. काही चुका अनवधानानं झाल्या होत्या, पण लक्षात आल्यावर त्यांनी त्या खोडल्या नाहीत, उलट ठळक केल्या, आणि काही ठिकाणी अचूक मजकुरात मुद्दाम चूक मिसळली. त्यामागचं एक कारण त्यांच्या स्वतःच्या आठवणीचं आहे. १९६२च्या चीन युद्धाच्या वेळची देशातली धास्ती त्यांना लख्ख आठवत होती. त्या काळात ते देशात नव्हतेच, इंग्लंडमध्ये होते. हे सिद्ध झालं तरी आठवण हटायला तयार नव्हती.

यातलं एक प्रकरण मराठी वाचकाला टोचल्याशिवाय राहत नाही. शाळकरी सलीम सायकलवरून घसरत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात जाऊन पडतो. मोर्चेकरी त्याला गुजराती येतं का विचारतात आणि तो गुजरातीची टिंगल करणारं एक पोरकट यमक म्हणून दाखवतो. मोर्चा ते उचलतो, घोषणा म्हणून गर्जत पुढे निघतो, महागुजरातवाल्यांशी गाठ पडते, रक्त सांडतं. आणि सलीम सांगतो की मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले ते माझ्यामुळे. अत्र्यांची लेखणी, अमर शेखांचा डफ, अण्णा भाऊ साठ्यांचं कवन, डांगे, एसेम, प्रबोधनकार, फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, शंभराहून अधिक हुतात्मे, आणि या सगळ्याच्या जागी वॉर्डन रोडच्या टेकडीवरच्या बंगल्यातलं एक सायकलवरचं पोर. राग येतो. यायलाच हवा. या पुस्तकातली मुंबई त्या टेकडीवरून दिसणारी मुंबई आहे, गिरणगावातून दिसणारी नव्हे, आणि मराठी मोर्चेकरी तिच्यात एक घोळका म्हणून येतात, चेहरे घेऊन येत नाहीत.

पण सलीमच्या चुका एका रेषेत मांडून पाहिल्या की त्यांतली कथेच्या मोक्याला येणारी प्रत्येक चूक एकाच बाजूला कलते. घटनेच्या मध्यभागी तो स्वतः यावा, या बाजूला. भाषावार प्रांतरचना त्याच्यामुळे, युद्धं त्याच्या घरावर बॉम्ब पडावेत म्हणून, आणीबाणी त्याच्यासारख्या, स्वातंत्र्याच्या मध्यरात्री जन्मलेल्या मुलांना खच्ची करण्यासाठी. हा कल रश्दी लपवत नाहीत. समोर पद्मा बसवली आहे, लोणच्याच्या कारखान्यात काम करणारी, आणि ती जागोजागी सलीमला हटकते. संयुक्त महाराष्ट्राचं श्रेय लाटणारा पोरगा आपल्याला हास्यास्पद वाटावा, अशीच मांडणी आहे. १ मे १९६० ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या प्रकरणाची खरी धार कळते. ज्याला ठाऊक नाही तो बापडा सलीमवर विश्वास ठेवून पुढे जातो. त्यामुळे या पुस्तकाचा उत्तम वाचक मुंबईचा इतिहास जाणणारा असतो असं मला वाटतं, परदेशी पारितोषिकांच्या मंचावरून त्याचं कितीही कौतुक झालेलं असलं तरी.

लपवलेला कल कसा असतो, हे लंडनच्या हायकोर्टात २००० साली उघड झालं. डेव्हिड आयर्विंग या लेखकाला डेबोरा लिपस्टॅट या अमेरिकन प्राध्यापिकेनं होलोकॉस्ट नाकारणारा म्हटलं होतं, म्हणून त्यानं १९९६मध्ये तिच्यावर आणि पेंग्विन प्रकाशनावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. बचाव पक्षानं रिचर्ड इव्हान्स या इतिहासकाराला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. उत्तराधुनिकतेवर, म्हणजे सत्य ही सांगणाऱ्याचीच रचना असं मानणाऱ्या विचारावर, कडक टीका करणारं 'इन डिफेन्स ऑफ हिस्टरी' हे पुस्तक याच इव्हान्सनं १९९७मध्ये लिहिलं होतं. त्यानं दोन संशोधक विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन आयर्विंगच्या तळटिपा एक एक करून मुळाशी ताडून पाहिल्या. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावरच्या बॉम्बवर्षावातल्या मृतांचा आकडा आयर्विंगनं १९६३मध्ये १,३५,००० दिला होता आणि पुढे एका कागदाच्या आधारे तो दोन लाखांच्या वर नेला. तो कागद बनावट होता: २०,२०४च्या पुढे एक शून्य चिकटवून २,०२,०४० केलेले. आज इतिहासकार हा आकडा २५,०००च्या आसपास धरतात. इव्हान्सनं वेटरचा दाखला दिला होता. वेटर नुसता वेंधळा असेल तर कधी आपल्याला जास्त सुटे परत देईल, कधी कमी. दर वेळी कमीच देत असेल, तर तो वेंधळा नाही. आयर्विंगची प्रत्येक चूक हिटलरच्या बाजूला झुकत होती. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती ग्रे यांनी दावा फेटाळला.

ही कसोटी कादंबरीलाही लावता येते, आणि लावावी. कर्ट व्हॉनेगट हा अमेरिकन लेखक ड्रेस्डेनमध्ये युद्धकैदी म्हणून तो बॉम्बवर्षाव भोगून आला होता. १९६९च्या 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'मध्ये त्यानं आयर्विंगचं पुस्तक नावानिशी आणलं आणि १,३५,००० हा आकडा घेतला. त्यानं तो सद्भावनेनं घेतला. त्या वेळी त्यावर विश्वास ठेवणारे खूप होते. त्याच पुस्तकात नायक काळातून उड्या मारतो, परग्रहावर जातो, लेखक मधूनच 'तो मी होतो' म्हणतो. इतकं सगळं उघड उघड रचलेलं, आणि त्यात एकच गोष्ट खरी म्हणून समोर ठेवलेली, ती फुगलेली. अनेक वाचकांनी ड्रेस्डेनचा आकडा या कादंबरीतूनच घेतला. पुस्तकावरचं माझं प्रेम त्यानं कमी होत नाही, पण ते पान आलं की घशात काहीतरी अडकतं.

त्याच १९६९ साली जॉन फाउल्सची 'द फ्रेंच लेफ्टनंट्स वूमन' आली. १८६७चं लाइम रेजिस, समुद्रात शिरलेला दगडी धक्का, त्याच्या टोकाशी उभी असलेली काळ्या कपड्यांतली सारा. बारावं प्रकरण संपतं ते सारा नेमकी कोण, या प्रश्नावर. आणि तेराव्याच्या पहिल्याच ओळीत लेखक म्हणतो, मला माहीत नाही. ही माणसं मी रचली आहेत, असं तो सांगून टाकतो. प्रकरण पंचावन्नमध्ये हाच लेखक दाढीवाला प्रवासी होऊन रेल्वेच्या डब्यात नायकासमोर येऊन बसतो. त्याच्याकडे दोन शेवट आहेत. जो दुसरा छापला जाईल तोच वाचकाला खरा वाटणार, हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो नाणं उडवतो. पन्नास वर्षांत ही युक्ती इतक्यांनी उसनी घेतली की आज ती चतुराई वाटते. मूळ प्रसंगात मात्र ती चतुराईपेक्षा हिशेबाची बाब आहे: शेवटच्या जागेचं वजन किती पडतं हे लेखक उघड मोजून दाखवतो, म्हणजे कल कुठून येतो ते सांगतो. पुढे हाच फाउल्स १९७९ ते १९८८ लाइम रेजिसच्या छोट्या संग्रहालयाचा मानद अभिरक्षक होता. जीवाश्म आणि गावची जुनी कागदपत्रं यांची देखरेख त्यानं मनापासून केली. कादंबरीत नाणं उडवणारा माणूस दप्तराच्या बाबतीत हलगर्जी नव्हता, याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

या सगळ्यांत मनाच्या सर्वांत जवळची म्हणाल तर ग्रॅहम स्विफ्टची 'वॉटरलँड' (१९८३). ग्रिनिचच्या शाळेत टॉम क्रिक हा इतिहासाचा मास्तर फ्रेंच राज्यक्रांती शिकवतोय. हेडमास्तरांना इतिहासाचे तास कमी करायचे आहेत. प्राइस नावाचा मुलगा उठून म्हणतो की इतिहास आता संपायच्या बेताला आलाय एवढीच त्यातली महत्त्वाची गोष्ट. अणुबॉम्बच्या भीतीत वाढलेली ती पिढी आहे. मास्तर राज्यक्रांती बाजूला ठेवतो आणि आपल्या गावाची गोष्ट सांगू लागतो: पूर्व इंग्लंडमधला फेन्स हा सपाट, ओला मुलूख, १९४३मध्ये पाटाच्या दरवाजाशी तरंगत आलेलं एका पोराचं प्रेत, दारूच्या भट्ट्या काढून मोठं झालेलं घराणं, मध्येच अख्खं प्रकरण ईल माशावर.

फेन्सची जमीन समजून घेतली की या कादंबरीची बांधणी समजते. तो दलदलीचा प्रदेश. सतराव्या शतकात व्हर्मुइडन या डच इंजिनिअरनं चर खणून पाणी समुद्राकडे वळवलं. पण तिथली माती पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची. पाणी काढलं की ती सुकते, आक्रसते, हवेशी संयोग होऊन हळूहळू नाहीशीच होते. जमीन खचते आणि नदी शेतापेक्षा उंचावर वाहू लागते. मग चरातलं पाणी नदीत चढवायला पवनचक्क्या आल्या. जमीन आणखी खचली तेव्हा वाफेचे पंप, मग डिझेलचे, मग विजेचे. जितका उपसा, तितकी जमीन खाली. होम फेन इथे १८५०च्या सुमारास एक लोखंडी खांब जमिनीत पुरला होता, माथा जमिनीच्या बरोबरीनं ठेवून. आज तो सुमारे ४ मीटर वर आलेला दिसतो. खांब हललेला नाही. त्यात नद्यांचा गाळ दर वर्षी साचतो तो वेगळाच. क्रिक मास्तर वर्गाला सांगतो की प्रगतीचं माझं चित्र हेच आहे: हातातून जात असलेली जमीन पुन्हा पुन्हा मिळवत राहणं. साम्राज्य उभारणं नव्हे. १९८३चं इंग्लंड, फॉकलंडचं युद्ध नुकतंच जिंकलेलं, वर्तमानपत्रं पुन्हा साम्राज्याच्या भाषेत बोलायला लागलेली. त्या वेळी एका मास्तरानं वर्गात हे बोलणं साधं नव्हतं. क्रिकही चुकतो, टाळतो, सगळ्यात अवघड जागी आला की मत्स्यशास्त्रात शिरतो. त्याचा कल स्वतःच्या आणि बायकोच्या तरुणपणातल्या अपराधापासून दूर पळण्याकडे आहे. प्रकरणांचा क्रमच तो पळ दाखवतो: ज्या ठिकाणी गोष्ट पुढे जायला हवी, नेमकी तिथे ती दोनशे वर्षं मागे जाते. सबंध पुस्तक 'का' या प्रश्नाभोवती फिरतं, आणि मास्तर तो प्रश्न विचारायला मुलांना शिकवतो तेव्हा आपल्याच मानेवर सुरी ठेवतोय हे त्याला कळतं.

एकही चूक न करता झुकता येतं, हे ज्युलियन बार्न्सनं 'फ्लोबेअर्स पॅरट'च्या (१९८४) दुसऱ्याच प्रकरणात दाखवलं. फ्लोबेर या फ्रेंच कादंबरीकाराचा जीवनपट तीनदा दिला आहे. पहिल्यात यश, मित्र, मानसन्मान. दुसऱ्यात मृत्यू, आजार, नापास, फसलेली पुस्तकं. तिसऱ्यात फक्त त्याचीच वचनं. कुठल्याही पटावर बोट ठेवून 'हे खोटं' म्हणता येत नाही, आणि तिन्हींतून तीन वेगळी माणसं उभी राहतात. इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात ती पानं वाचायला द्यावीत.

हे तंत्र फसतं तेव्हा बहुतेकदा भाषेत फसतं. जुना काळ उभा करायचा म्हणून लेखक कोशातून जुने शब्द वेचतो, वाक्याची चाल मात्र आजचीच राहते, आणि पात्राच्या डोक्यात आजची मतं असतात. मग व्हिक्टोरियन पोशाखातली नायिका आजच्या संपादकीयासारखी बोलते. पीटर अॅक्रॉइडच्या 'हॉक्समूर'मध्ये (१९८५) अठराव्या शतकाची प्रकरणं त्या काळच्या वर्णलेखनात, नामांना मोठी अक्षरं देऊन लिहिलेली आहेत, पण ती टिकतात ते त्यामुळे नाही. चर्च बांधणाऱ्या निकोलस डायरचं भय, त्याची भूमिती, सैतानावरची त्याची श्रद्धा हे सगळं त्या काळाच्या आतलं आहे, आणि कादंबरी त्याची टर उडवत नाही. दुसरं फसणं दस्तऐवजाचं. रचलेलं पत्र किंवा डायरी इतकी सोयीची निघते की नेमकी कथेला हवी तीच माहिती तिच्यात असते. खरी दप्तरं अशी नसतात. त्यांत किराणा असतो, सर्दी असते, ज्याबद्दल आपल्याला काही नको ते सगळं असतं. ए. एस. बायटनं 'पझेशन'साठी (१९९०) दोन काल्पनिक कवींच्या दीर्घकविता स्वतः रचल्या, पत्रं, रोजनिशा, टीकालेखही, आणि त्यांत हा फापटपसारा राहू दिला. काही वाचक त्या कविता ओलांडून जातात. त्यांचं नुकसान होतं, कारण पुरावे तिथेच पेरलेले आहेत. शेवटी संशोधक थडगं उकरून काढलेल्या पेटीतली कागदपत्रं वाचतात आणि निष्कर्ष काढतात की त्यांतल्या अॅश या कवीला आपल्याला मुलगी आहे हे कधी कळलंच नाही. पुरावा पुरा, तर्क बिनचूक. आणि मग दोन-तीन पानांचं उपसंहाराचं प्रकरण येतं, १८६८मधलं, ज्यात तो त्या मुलीला भेटतो, तिच्या केसांची बट घेतो. त्यानं दिलेला निरोप ती पोचवायला विसरते. या भेटीचा कागद नाही, म्हणून ती कुठल्याच चरित्रात येणार नाही.

तिसरं फसणं आहे सतत डोळा मारण्याचं. दर दहा पानांनी 'हे सगळं रचलेलं आहे बरं का' असं सांगणाऱ्या लेखकाचं म्हणणं तिसऱ्या वेळेला कळलेलं असतं. नंतर वाचकाला पात्रांच्या जगण्यामरण्याशी काही देणंघेणं उरत नाही. हिलरी मॅन्टेल या वाटेनं गेलीच नाही, आणि तरी मी तिला याच चर्चेत धरतो. 'वुल्फ हॉल'च्या (२००९) तयारीत तिनं प्रत्येक ऐतिहासिक व्यक्तीचं कार्ड केलं होतं: कुठल्या तारखेला कोण कुठे होतं. एखादा ड्यूक त्या दिवशी लंडनबाहेर असेल तर त्याला लंडनच्या प्रसंगात आणायचं नाही, मग प्रसंग कितीही रंगणार असो. तारखा इतक्या पक्क्या करून मग तिनं कॅमेरा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या खांद्यावर ठेवला. त्यामुळे कॅथलिकांनी संत मानलेला थॉमस मोर इथे कोरडा आणि क्रूर दिसतो. कॅथलिक वाचकांनी तक्रार केली. तक्रार रास्त आहे, पण कल कुणाचा हे पहिल्या पानापासून समोर आहे.

आणि जिथे दप्तरच एका बाजूला झुकलेलं असतं तिथे काय करायचं? १७८१च्या अखेरीस झाँग या लिव्हरपूलच्या मालकांच्या गुलामवाहू जहाजावरून १३०हून अधिक आफ्रिकन माणसांना जिवंत समुद्रात फेकण्यात आलं. कारण दिलं गेलं पाण्याच्या तुटवड्याचं. मालकांनी माणशी ३० पौंडांचा विमा मागितला. विमेवाल्यांनी नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं: ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट, १७८३. खुनाचा खटला नव्हे, मालाच्या नुकसानभरपाईचा. मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सुनावणीत म्हटलं की कायद्याच्या दृष्टीनं हे घोडे पाण्यात टाकल्यासारखंच आहे. जहाजाची रोजनिशी खटल्याआधीच गहाळ झाली होती. ग्रॅनव्हिल शार्प या गुलामीविरोधी कार्यकर्त्यानं सुनावणीला लघुलेखक बसवला म्हणून निदान ते बोलणं उरलं. ते कागद आज ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत.

फ्रेड द'अग्यार या लंडनमध्ये जन्मलेल्या, गयानी आईबापांच्या लेखकानं १९९७मध्ये 'फीडिंग द गोस्ट्स' लिहिली. तिच्यात मिंटा नावाची तरुण स्त्री समुद्रात फेकली जाते, लोंबणारा दोर पकडून पुन्हा जहाजावर चढते, कोठारात लपते आणि घडलेलं लिहून काढते. ती वही कादंबरीतल्या कोर्टात सादरही होते. तिथले न्यायाधीश ती पुरावा म्हणून मानत नाहीत. द'अग्यारला ती मान्य करवून घेता आली असती. कादंबरी त्याची होती, वाचकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. त्यानं खऱ्या खटल्याचं वजन बदललं नाही. रोजनिशी हरवली त्या रिकाम्या जागी त्यानं वही ठेवली, आणि ती नाकारली जाताना दाखवली. त्याचाही कल आहेच, बुडालेल्यांच्या बाजूचा, आणि तो लपवायचं त्याला कारण नाही. खऱ्या खटल्यात मॅन्सफील्डनी विमेवाल्यांची पुन्हा सुनावणीची मागणी मान्य केली. ती सुनावणी झाल्याची नोंद नाही. खटल्याच्या नावात जहाजमालक आहे आणि विमा उतरवणारा आहे. समुद्रात फेकल्या गेलेल्यांची नावं खटल्याच्या कागदांत नाहीत; तिथे त्यांचा आकडा आहे आणि माणशी भाव.